पेटीचं भोक

सोमवारी सकाळी साडेदहाला टोल्यावरच्या, म्हणजे गावाच्या वाडीवरच्या, शाळेत बेचाळीस पोरं मोठ्या खोलीत मांडी घालून बसली होती आणि दारात चार माणसं उभी होती. पोरांच्या तपासणीसाठी दवाखान्यातून मंदाबाई सिस्टर आल्या होत्या. चार माणसं मुख्याध्यापिका सुशिलाबाईंनी बोलावली होती, आणि त्यांचं काम एकच होतं. जे पोर पळेल ते धरायचं.

"मॅडम, दार लावून घेऊ का?" चुन्नीलालने विचारलं. तो शाळा समितीचा अध्यक्ष. धानाचं पोतं खांद्यावर टाकून चालता चालता तंबाखू मळू शकणारा माणूस.

"दार उघडं राहू द्या," ओमेश्वर गुरुजी म्हणाले.

"अन् पळाले तं?"

"पळणार नाहीत."

"मांगच्या सालीबी तुमी असंच म्हनलं होतं ना जी."

मागच्या साली गुरुजी खरंच असं म्हणाले होते.

मागच्या साली सप्टेंबरात सिकलसेलची तपासणी होती. रक्तात तो आजार आहे का हे पाहायला बोटाला एक बारीक सुई टोचायची, थेंबभर रक्त घ्यायचं, की झालं. पण पहिल्याच पोराने सुई लागायच्या आधीच अशी किंकाळी फोडली की तिसरीतली योगेश्वरी उठून उभी राहिली. गुरुजी जवळच होते. "काही होत नाही, काही होत नाही," म्हणत त्यांनी तिची दोन्ही मनगटं धरली. ती सुटायला धडपडू लागली तशी त्यांनी आणखी घट्ट धरली. मग तिने गुरुजींच्या हाताला कडकडून चावा घेतला, खिडकीतून उडी मारली, आणि तिच्यामागे पाऊण शाळा गेली. धान कमरेएवढं उभं होतं. पोरं त्यात अशी गडप झाली की उरलेला दिवस शोधण्यातच गेला. मंदाबाई सिस्टर धानाच्या बांधीतल्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतल्या, आणि बाहेर निघाल्या तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. ती चप्पल दिवाळीनंतर, धान कापताना सापडली.

दातांची खूण आठवड्यात गेली. राहिलं ते वेगळंच. योगेश्वरी आधी पहिल्या ओळीत बसायची आणि गणित सुटलं की गुरुजींचा हात ओढून वहीजवळ न्यायची. त्या दिवसापासून ती शेवटच्या ओळीत गेली. गुरुजी जवळून जाऊ लागले की ती दोन्ही हात पाठीमागे घ्यायची. पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या पोराने आपल्यापासून हात लपवल्याचं गुरुजींना आठवत नव्हतं.

म्हणून यंदा तपासणीची तारीख आली आणि सुशिलाबाई म्हणाल्या, "सर, या वेळी मी रिस्क घेणार नाही, गावातली चार माणसं बोलावून ठेवते," तेव्हा गुरुजी खुर्चीतून उठले.

"मॅडम, मला सहा आठवडे द्या. एकाही पोराला धरावं लागणार नाही."

"आणि लागलं तर?"

"तर पुढच्या वेळी तुम्ही म्हणाल ते."

"माणसं तर मी बोलावणारच," सुशिलाबाई म्हणाल्या. त्या रोज गोंदियाहून स्कूटीने येत, आणि रस्त्यात कुठल्या वळणावर म्हैस आडवी येते हे माहीत असल्यासारख्या नेहमी सावध असत. "दारात उभी राहतील. लागली तर लागली."

गुरुजींनी वर्गात जाऊन सांगून टाकलं, "तुमच्यापैकी कोणालाही कोणी धरणार नाही. हा माझा शब्द." शेवटच्या ओळीतून योगेश्वरीने त्यांच्याकडे पाहिलं. विश्वास बसला असं त्या नजरेत काही नव्हतं. बाजारात वजनाचा काटा पाहावा तशी ती पाहत होती.

आधी गुरुजींनी नुसतं तोंडाने सांगून पाहिलं. "भीती वाटली की खोल श्वास घ्या, आणि हळूहळू सोडा." पोरांनी छात्या फुगवल्या, खांदे कानापर्यंत नेले, आणि म्हैस तळ्यातून वर यावी तसा आवाज काढून श्वास सोडले. तिसऱ्या वेळी तर कोणाचा आवाज मोठा याची शर्यत लागली. हळूहळू म्हणजे किती हळू, हे सांगून कळण्यासारखं नव्हतं. ते कानांनी ऐकायला हवं होतं.

गावात पेटी एकच होती. भजन मंडळाची, आणि ती इंदरलालकाकांच्या घरी. काका अडुसष्ट वर्षांचे. थंडीत स्वतः गोधडीवर भागवत, पण पेटीला शाल लागे. गुरुजींनी मागितली तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार केला.

"पोट्ट्याइसाठी पाहिजे म्हनता?"

"हो काका. गाणं नाही, श्वास शिकवायचा आहे."

"श्वास कायले शिकवता जी? जन्मल्यापासून घेऊनच त राहिले."

तरी त्यांनी पेटी दिली. दर शनिवारी भजनाला परत, सोमवारी पुन्हा शाळेत, या अटीवर.

आता त्या पेटीबद्दल एक गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. भात्याच्या चौथ्या घडीत उंदराने कुरतडलेलं, शर्टाच्या बटणाएवढं एक भोक होतं. भाता मिटत आला की त्यातून हवा निसटे, फुस्, आणि सूर विझे. भजनात ती जागा आली की इंदरलालकाका बरोबर त्याच क्षणी "रामकृष्णहरी!" म्हणून मोठ्याने ओरडत. आवाज झाकला जाई. काकांना वाटे, भोक फक्त आपल्यालाच माहीत आहे. गावाला वाटे, म्हाताऱ्याला कशाला दुखवा. सात-आठ वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं. गुरुजी त्याच गावचे, तेही काही बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी वर्गात फुस् झालं तेव्हा पोरं हसली. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या लक्षात आलं की हसता हसता सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. बेचाळीस पोरं, एकाच वेळी, खांदे खाली. जे सांगून जमलं नव्हतं ते भोकाने केलं होतं.

मग गुरुजींनी सगळा धडाच त्या भोकावर बसवला. भाता उघडला की श्वास आत. सूर वाजतोय तोवर मनात चार मोजायचे आणि श्वास ठेवायचा. पेटी फुस् करेल तेव्हा सोडायचा, आणि सूर पुन्हा लागेपर्यंत सोडतच राहायचं. "पेटीच्या आधी सोडायचा नाही, पेटीच्या नंतर नाही. पेटी सोडेल तेव्हाच." एकेका पोराला जवळ बोलावून त्यांनी भात्यावर तळहात ठेवायला लावला. हात लावू देऊ नका, असं काकांनी बजावलं होतं, पण काका तिथे नव्हते. योगेश्वरी मात्र पुढे आली नाही. ती लांबूनच ऐकायची, हात पाठीमागे ठेवून.

तिसऱ्या आठवड्यात गुरुजींनी परीक्षा सुरू केली. मागच्या वर्षी आरडाओरड्यानेच घात केला होता, म्हणून त्यांनी नियम घातला. पेटी चालू असताना कोणी काही बोललं तरी ऐकायचं नाही, गुरुजींचंसुद्धा. ते पेटी वाजवता वाजवता मध्येच ओरडत, "साप! साप!" सुरुवातीला चौघं उठली. "खिचडी आली!" म्हटल्यावर नऊ उठली. पाचव्या आठवड्यात मात्र गुरुजींनी "सुट्टी झाली रे, घरी जा!" असं घसा फोडून सांगितलं, आणि एक पोर हललं नाही. गाल फुगवून, डोळे मिचकावून सगळी त्यांच्याकडे बघत बसली. गुरुजी धन्य झाले.

मंदाबाई सिस्टर एकदा त्या बाजूला आल्या होत्या, त्यांनाही ते पटलं. "म्हंजे फुस् झालं का मी टोचायचं?"

"बरोबर त्याच क्षणी. पोर श्वास सोडण्याच्या नादात असतं. कळतसुद्धा नाही."

फक्त एक गोष्ट गुरुजींना उमगली नव्हती. एका शनिवारी पेटी भजनाला गेली होती आणि पहिलीतला मुन्ना पडून ढोपर फोडून आला. रडणं काही थांबेना. गुरुजी फळ्याकडे वळले, आणि मागून आवाज आला, फुस्. हुबेहूब. मुन्नाने श्वास सोडला आणि गप्प झाला. गुरुजींनी वळून पाहिलं, तर सगळे चेहरे सारखेच निष्पाप. पेटी नसताना भोक कुठून आलं, ते त्यांना कळलं नाही.

शेवटच्या शनिवारी इंदरलालकाका पेटी न्यायला आले तेव्हा सुशिलाबाई कौतुकाने म्हणाल्या, "काका, सोमवारी तुमच्या पेटीचा व्हिडिओ काढणार आहे मी. गोंदियाला मोठ्या साहेबांना पाठवायचा आहे."

काकांनी पेटीकडे पाहिलं. मग सुशिलाबाईंकडे. "गोंदियाले? आवाजासंगं?"

"आवाज तर महत्त्वाचा ना."

काकांनी पेटीवर शाल घातली आणि ती उचलली. पण त्या रात्री भजनाला पेटी नव्हती.

सोमवारी ते पांढरीशुभ्र टोपी घालून, पेटी छातीशी धरून आले. "आज मीच वाजवतो, गुरुजी. तुमी पोट्ट्याइकडे पाहा." गुरुजींना बरंच वाटलं. हात मोकळे राहतील, पोरांच्या मधून फिरता येईल. काका भलतेच खुशीत का आहेत, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. त्यांचं लक्ष दारातल्या चार माणसांकडे आणि शेवटच्या ओळीकडे होतं.

पहिला मुन्ना. मंदाबाईंनी त्याला स्टुलावर बसवलं, बोट कापसाने पुसलं आणि सुई तयार ठेवली. सुशिलाबाईंनी मोबाईल समोर धरला. गुरुजींनी मान हलवली, आणि काकांनी भाता उघडला.

बेचाळीस श्वास आत गेले. सूर लागला, आणि काय लागला! भरघोस, गोल, खोलीच्या चारही कोपऱ्यांत एकसारखा. गुरुजींनी मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार.

पाच.

सहा.

मंदाबाईंची सुई मुन्नाच्या बोटाच्या वर थांबली होती. सात. काकांनी भाता मिटला, आणि सूर तसाच चालू राहिला. आठ. काकांचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तृप्ती.

"गुरुजी," मंदाबाई ओठ न हलवता म्हणाल्या, "फुस् कुठं आहे?"

गुरुजींनी वाकून भात्याकडे पाहिलं. चौथ्या घडीवर नवंकोरं, तपकिरी, चकचकीत कातडं बसवलेलं होतं.

पोरांचे गाल फुगले होते. कान लाल होऊ लागले होते. कोणी सोडत नव्हतं. सोडणार कसं, पेटीने कुठे सोडला होता?

"सोडा," गुरुजी हळूच म्हणाले.

डोळ्यांच्या बेचाळीस जोड्यांत चमक आली. परीक्षा! कोणी हललं नाही.

"अरे सोडा रे! खरंच सोडा! मी सांगतोय!"

मुन्नाने फुगल्या गालांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. एवढा अभिमान त्याच्या तोंडावर गुरुजींनी कधी पाहिला नव्हता.

"काका, थांबा जरा," गुरुजी इंदरलालकाकांच्या कानाशी गेले. "ते पूर्वीचं... ते जे व्हायचं ना..."

काकांनी एक डोळा उघडला. "काय व्हायचं?"

"ते मध्येच... थोडंसं..."

"माह्या पेटीत कईच काही होत नव्हतं!" काका ताठ झाले आणि मोबाईलकडे बघून आणखी जोरात भाता मारू लागले. "आता त एकदम फिट आहे. एक भाता मारला का पूरा अभंग निघते!"

"काका, पोरं..."

मुन्ना फुटला. थुंकी, श्वास आणि रडू एकदमच बाहेर आलं. "मी हारलोऽऽ!"

मग इकडे एक फुटला, तिकडे दोन. कोणी खोकू लागलं, कोणी धापा टाकू लागलं. सहा आठवडे एकत्र चाललेले श्वास आता बेचाळीस दिशांना पळत होते. "पेटी बिघडली!" कोणीतरी ओरडलं.

सूर थांबला. "कोन म्हनलं बिघडली?" काकांनी विचारलं.

त्या शांततेत एक बारीक हुंदका ऐकू आला. मग दुसरा. कोणीतरी सुईकडे पाहिलं, कोणीतरी खिडकीकडे. आणि मग, वारा आल्यावर धान एका बाजूला कलतं तशा सगळ्या माना शेवटच्या ओळीकडे वळल्या.

योगेश्वरी उभी राहिली होती.

दारात चुन्नीलालने तंबाखू थुंकला आणि हात पसरले. बाकीचे तिघं खिडकीकडे सरकले. "गुरुजी, लावू का दार?"

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. तिचे हात पाठीमागे होते. तिची नजर खिडकीवर गेली, दारावर गेली, चुन्नीलालच्या पसरलेल्या हातांवर गेली, आणि शेवटी गुरुजींवर थांबली. तोच वजनाचा काटा.

"चुन्नीलाल, हात खाली घे," गुरुजी म्हणाले. "आणि बाजूला हो. दार मोकळं सोड."

"मॅडम...?"

सुशिलाबाईंनी मोबाईल खाली केला.

चुन्नीलाल बाजूला झाला. दारातून बाहेरची कापलेली, उघडीबोडकी बांधी लांबवर दिसत होती. यंदा लपायला धान नव्हतं, पण पळायला रान मोकळं होतं.

योगेश्वरीने वरचे दोन दात खालच्या ओठावर टेकवले. त्या दातांमध्ये चांगली फट होती.

फुस्.

एकेचाळीस पोरांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. मुन्नाचं रडू अर्ध्यात थांबलं. मंदाबाई सिस्टरनीसुद्धा सोडला. आपण कधीपासून धरून ठेवला होता हे त्यांचं त्यांना माहीत नव्हतं.

"वाजवा काका," गुरुजी म्हणाले.

"पन..."

"वाजवा!"

काकांनी भाता उघडला. श्वास आत. एक, दोन, तीन, चार. शेवटच्या ओळीतून, फुस्. मंदाबाईंनी टोचलं. मुन्नाने बोटावरचा लाल थेंब पाहिला आणि विचारलं, "झालं? एवढंच?"

"एवढंच रे बावा. ऊठ, दुसऱ्याले बसू दे."

मग ओळ चालू लागली. श्वास आत, चार, फुस्, टोच. पोरं उठत होती, बसत होती, कापूस दाबून जागेवर जात होती. काकांचा चेहरा आधी काळवंडला होता. एवढी दुरुस्त पेटी, आणि पोरगी तोंडाने भोक वाजवते! पण सातव्या-आठव्या पोरापासून त्यांचीही लय जमली. फुस् अगदी जुन्या जागी येत होतं. आणि अकराव्या पोराच्या वेळी, सात-आठ वर्षांच्या सवयीने, त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "रामकृष्णहरी!"

दारातली चारही माणसं खो खो हसली.

काकांनी भाता थांबवला नाही, पण मान वळवली. "हासून काऊन राहिले?"

"काही नाही जी," चुन्नीलाल म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले. हळूहळू काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हंजे... तुमाले मालूम होतं?"

"सगळ्या गावाले मालूम आहे, काका," शेवटी चुन्नीलालनेच सांगितलं.

"कईपासून?"

"पहिल्या दिवसापासून. उंदीर बी आमच्याच कोठीतून आला असन."

काकांनी मान पेटीकडे वळवली आणि पुढची बरीच पोरं होईपर्यंत ते फक्त भाता मारत राहिले.

बारा वाजता मंदाबाईंनी यादी पाहिली. "एक्केचाळीस झाले. एक राहिला. कोन आहे?"

सगळ्यांनी मागे पाहिलं. योगेश्वरी कपाळावर आठी घालून बसली होती.

"ये वो बाई," मंदाबाई म्हणाल्या.

"मले कायले?" योगेश्वरी म्हणाली. "मी त भोक होती. भोकाले कायले सुई?"

वर्ग हसला. मंदाबाई हसल्या. चुन्नीलाल मात्र सवयीने एक पाऊल पुढे आला. "धरू का जी?"

"तू बाहेर जा, चुन्नीलाल," सुशिलाबाई म्हणाल्या. गुरुजींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "चौघंही जा. चहा घ्या."

माणसं गेली. दार तसंच उघडं राहिलं. योगेश्वरीने त्या रिकाम्या दाराकडे बराच वेळ पाहिलं. मग ती उठली, आणि ओळींच्या मधून चालत स्टुलापर्यंत आली. बसली मात्र नाही.

"गुरुजी," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा. "माह्यासाठी फुस् कोन करन?"

"आम्ही करतो!" वर्ग ओरडला, आणि एकेचाळीस फुसके एकामागून एक उडाले. पहिल्या ओळीच्या माना ओल्या झाल्या.

"असं नाही," योगेश्वरी म्हणाली.

गुरुजींनी प्रयत्न केला. त्यांची वरची कवळी होती, तिच्यातून शिट्टी निघाली. बाहेर कोणाचं तरी कुत्रं उभं राहिलं. योगेश्वरीने मान हलवली.

इंदरलालकाका खाकरले. "सिस्टर, एक सुई द्या मले."

"तुमाले कायले? तुमची तपासणी नाही आज."

"द्या न."

मंदाबाईंनी दिली. काकांनी पेटी स्वतःकडे वळवली, भाता उघडला, नव्या चकचकीत कातड्यावरून एकदा हात फिरवला. मग डोळे घट्ट मिटून टोचलं. पोरांपैकी एकानेही एवढं तोंड वाकडं केलं नव्हतं. त्यांनी भाता मिटला.

फिस्.

"बारीक आहे," योगेश्वरी म्हणाली.

काकांनी पुन्हा टोचलं. फिस्स्.

"अजून."

काकांनी उसासा सोडला, सुई बाजूला ठेवली, आणि अंगठ्याच्या नखाने कातडं टर्रकन उचकटलं. भाता उघडला, सूर लागला. एक, दोन, तीन, चार.

फुस्.

"हाव," योगेश्वरी म्हणाली. "हेच."

ती स्टुलावर बसली. एक हात तिने मंदाबाईंकडे केला. दुसरा थोडा वेळ पाठीमागेच राहिला. मग तोही पुढे आला, आणि तिने तो गुरुजींपुढे धरला.

"धरा."

गुरुजींनी तळहात पुढे केला. तिने त्यांची दोन बोटं पकडली. किती घट्ट, ते तिनेच ठरवलं. काकांनी भाता उघडला. बेचाळीस पोरं, सिस्टर, मॅडम आणि गुरुजी, सगळ्यांनी श्वास आत घेतला. चार मोजून झाले.

"रामकृष्णहरी!" काका सगळ्यांआधी ओरडले. आता झाकायचं असं काहीच उरलं नव्हतं, पण जागा त्यांची होती.

व्हिडिओ सुशिलाबाईंनी त्याच दिवशी गोंदियाला पाठवला, फक्त शेवटचा भाग. गुरुवारी साहेबांचं उत्तर आलं. ते त्यांनी गुरुजींना वाचायला दिलं.

'उपक्रम अतिशय स्तुत्य. इतर शाळांनीही राबवावा. फक्त पेटी तेवढी दुरुस्त करून घ्यावी.'

गुरुजींनी दोनदा वाचलं. बाहेर व्हरांड्यात इंदरलालकाका पेटी घेऊन बसले होते, आणि योगेश्वरी भात्यावर तळहात ठेवून चौथ्या घडीपाशी कान लावत होती. काकांनी तिला एका शब्दाने हटकलं नव्हतं.

"मॅडम," गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "हे काकांना कोणी सांगायचं नाही."

"नाही सांगत."

पण मुन्ना दाराशीच उभा होता. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला माहीत झालं, आणि कोणीही त्याबद्दल बोललं नाही.